सिकलसेलचं एक अक्षर : पेशी डीएनए वाचून हिमोग्लोबिन कसं तयार करते

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. आठवीतल्या लेकीच्या शाळेत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराची, तपासणी झाली. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीत 'एएस पॅटर्न' निघाला : एक जनुक साधं (ए), एक सिकलचं (एस). म्हणजे ती वाहक आहे, आजारी नाही. डॉक्टरांनी सांगितलं की डीएनएतलं एक अक्षर बदललेलं आहे. आता तुम्ही विचारता, एका अक्षराने एवढं काय होतं? डीएनए अंगभर सारखाच असतो, मग त्रास रक्तालाच का? आणि सासूबाई म्हणतात तसं, गरोदरपणात तुमचं खाणंपिणं कमी पडलं म्हणून हे झालं का. आता डाळी, अंडी, प्रोटीन पावडर वाढवली तर भरून निघेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचत असणार. नाही. तुमच्या खाण्याशी, लोहाच्या गोळ्यांशी, त्या नऊ महिन्यांतल्या कशाशीही याचा संबंध नाही. ते अक्षर तुमच्याकडून किंवा मुलीच्या वडिलांकडून आलं, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून आलं, आणि असं मागे मागे शेकडो पिढ्या जाता येतं. नागपुरात रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करताना मी हा आरोप फार वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी तो आईवरच असतो. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पेशीत नेमकं काय चालतं हे कळलं की या आरोपाला जागाच उरत नाही. तुमच्या लेकीची प्रत्येक पेशी तिचं काम चोख करते आहे. तिच्यासमोर जो मजकूर आला तो ती जसाच्या तसा वाचते, एवढंच.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३२० कोटी अक्षरं असतात. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. प्रत्येक पेशीत असे दोन संच, एक आईचा आणि एक बापाचा. यात प्रथिनं कशी जोडायची ते सांगणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत, आणि प्रत्यक्ष प्रथिनाचा मजकूर एकूण लांबीच्या एकदोन टक्केच भरतो. आपल्याला हवं असलेलं जनुक, बीटा ग्लोबिनचं, अकराव्या गुणसूत्रावर आहे. लांबी जेमतेम १,६०० अक्षरं. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतलं प्राणवायू वाहणारं प्रथिन, आणि त्याचा एक रेणू म्हणजे दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या. अल्फाचं जनुक वेगळं, तेही सोळाव्या गुणसूत्रावर.

हे बीटा ग्लोबिनचं जनुक तुमच्या लेकीच्या मेंदूत आहे, यकृतात आहे, बोटाच्या कातडीतही आहे, आणि बदललेल्या अक्षरासकट आहे. पण तिथे ते कोणी उघडत नाही. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि ज्या पेशीला जे जनुक नको ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की वाचणारी यंत्रणा तिथे पोचत नाही. हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, ज्या पेशी पुढे तांबड्या पेशी होणार असतात त्यांच्यात मात्र गाटा-१ आणि केएलएफ-१ अशी काही खास प्रथिनं असतात. ती डीएनएच्या ठरावीक जागी बसतात, तो भाग मोकळा करतात आणि बीटा ग्लोबिनचं वाचन जोरात सुरू होतं. इतकं जोरात, की तयार तांबड्या पेशीतल्या प्रथिनांपैकी सुमारे ९५ टक्के हिमोग्लोबिनच असतं. त्यामुळे अक्षर बदललेलं असलं सगळीकडे, तरी त्याचा परिणाम जिथे ते वाचलं जातं तिथेच दिसतो. सिकलसेलग्रस्त रुग्णाची हाडं, प्लीहा, फुप्फुसं, मेंदू यांनाही त्रास होतो, पण तो वाकड्या पेशींनी रक्तवाहिन्या अडवल्यामुळे. त्या अवयवांच्या पेशींनी स्वतः काही चुकीचं बनवलेलं नसतं.

आता ते अक्षर बघू. बीटा ग्लोबिनच्या मजकुरात एके ठिकाणी 'जीएजी' अशी तीन अक्षरं असतात. सिकलसेलमध्ये तिथे 'जीटीजी' असतं. मधला ए गेला आणि टी आला. मला अनेक जण विचारतात, डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा पेशीत असते ना, मग ती हे का सुधारत नाही? ती यंत्रणा जोड्या तपासते. डीएनएला दोन धागे असतात. एकावर ए असेल तर समोर टी हवा, जी असेल तर समोर सी हवा. जोडी जुळली नाही की ती पकडली जाते. इथे पहिल्या धाग्यावर टी आहे आणि दुसऱ्यावर ए आहे. जोडी अगदी बरोबर. मूळ मजकूर काय होता हे पेशीला कुठूनही कळायची सोय नाही. म्हणून हे अक्षर पिढ्यान् पिढ्या बिनचूक उतरत येतं.

वाचनाची पहिली पायरी, शाळेच्या पुस्तकात जिला प्रतिलेखन म्हणतात ती, केंद्रकात होते. आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर जनुकाच्या आरंभाशी बसतं, दोन धागे थोडे उकलतं आणि एका धाग्यासमोर आरएनएची साखळी जोडत पुढे सरकतं. आरएनएत टी नसतो, त्याच्या जागी यू असतो. त्यामुळे डीएनएतलं 'जीटीजी' आरएनएत 'जीयूजी' होतं. मूळ डीएनए केंद्रकातच राहतो. बाहेर जाते ती ही नक्कल.

पण नक्कल लगेच बाहेर जात नाही. बीटा ग्लोबिनच्या जनुकात प्रथिनाच्या मजकुराचे तीन तुकडे आहेत आणि त्यांच्या मध्ये दोन तुकडे असे, ज्यांचा प्रथिनाशी काही संबंध नाही. एक सुमारे १३० अक्षरांचा, दुसरा सुमारे ८५० अक्षरांचा. कच्च्या नकलेतून हे दोन्ही कापून उरलेले तुकडे सांधले जातात, पुढच्या टोकाला टोपी बसते, मागे ए-ए-ए अशी लांब शेपटी लागते. १,६०० अक्षरांच्या कच्च्या नकलेतून सव्वासहाशेच्या आसपास अक्षरांची पक्की नक्कल उरते. तिला एमआरएनए म्हणतात.

ही कापाकापी मी उगाच सांगत नाही. नागपुरात सिकलसेलइतकंच ज्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं त्या बीटा थॅलेसेमियाचा उगम पुष्कळदा इथे असतो. भारतात थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा बदल म्हणजे कापून टाकायच्या पहिल्या तुकड्यातल्या पाचव्या अक्षराचा : जी जाऊन सी येतो. तो तुकडा तर फेकूनच द्यायचा असतो, पण कात्री कुठे लावायची ते त्याच अक्षरांवरून ओळखलं जातं. खूण बिघडली की नक्कल चुकीच्या जागी कापली जाते, आणि बीटा साखळी फार थोडी तयार होते. सिंधी कुटुंबांमध्ये, आणि आपल्या नागपूरच्या जरीपटक्यात ती बरीच आहेत, आणखी एक प्रकार वरचेवर सापडतो : जनुकातली ६१९ अक्षरं सलग गायब असतात. तर सिकलसेलमध्ये बीटा साखळी वेगळी बनते, थॅलेसेमियात ती कमी बनते किंवा बनतच नाही. एका पालकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरं आलं तर मूल आजारी पडतं, आणि असे रुग्ण आपल्याकडे आहेत. म्हणून मुलीच्या रिपोर्टवर नुसतं 'एएस' वाचून थांबू नका, टक्के बघा. वाहकात एचबी-ए, म्हणजे साधं हिमोग्लोबिन, जास्त असतं, साधारण ५५ ते ६० टक्के, आणि एचबी-एस, म्हणजे सिकलचं, ३५ ते ४०. जर एस हे ए पेक्षा जास्त असेल, आणि अलीकडे रक्त चढवलेलं नसेल, तर डॉक्टरांना सिकल-थॅलेसेमियाबद्दल जरूर विचारा.

दुसरी पायरी केंद्रकाबाहेर. एमआरएनए रायबोसोमवर, म्हणजे प्रथिन जोडणाऱ्या यंत्रावर, येतो, आणि रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतो. अशा गटाला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट ६४ होतात. प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या कड्यांची बनते. ६४पैकी ६१ गट कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लासाठी, आणि यूएए, यूएजी, यूजीए हे तीन 'थांबा' सांगणारे. अमिनो आम्लं २०, म्हणून एकाच आम्लासाठी अनेक कोडॉन आहेत. सुरुवात एयूजीने होते, आणि तिथून पुढे तीन-तीनची मोजणी ठरते.

तीन-तीनच्या वाचनाचं महत्त्व मी विद्यार्थ्यांना एका वाक्यावरून दाखवते. 'मदन जेवण करून निघाला.' सगळे शब्द तीन अक्षरी. यातलं 'द' काढून टाका आणि पुन्हा तीन-तीनने वाचा : 'मनजे वणक रूननि घाला'. सगळंच कोसळलं. आता काही काढू नका, फक्त 'क'च्या जागी 'भ' लिहा : 'मदन जेवण भरून निघाला.' वाक्य शाबूत आहे, व्याकरण शाबूत आहे, वाचणारा कुठेही अडखळत नाही. पण जेवण पोटात गेलं होतं ते आता डब्यात आहे. सिकलसेल हा दुसऱ्या प्रकारचा बदल. रायबोसोम अडखळत नाही, साखळी मध्येच तुटत नाही, लांबीत एका आम्लाचाही फरक पडत नाही.

कोडॉन आणि अमिनो आम्ल यांची गाठ घालून देतो तो टीआरएनए. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. मला या सगळ्या कारखान्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट इथे वाटते. रायबोसोम फक्त तीन अक्षरं जुळली का ते बघतो. टीआरएनएच्या पाठीवर कोणतं आम्ल बसलं आहे ते तो तपासत नाही. योग्य टीआरएनएवर योग्य आम्ल चढवण्याची जबाबदारी विकरांच्या एका वेगळ्या गटाची, आणि त्यातली बरीचशी आपण चढवलेलं आम्ल चुकीचं असेल तर ते उतरवूनही टाकतात. म्हणजे 'या कोडॉनचा अर्थ हे आम्ल' हे खरोखर जाणणारी तीच. ही विकरंही शेवटी प्रथिनं, डीएनएवरूनच बनलेली.

हा अर्थ माणसाला कळला तो १९६०च्या दशकात. १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू-यू-यूच्या आरएनएतून फिनाइलअ‍ॅलनिनची साखळी मिळवली. हरगोविंद खोरानांनी ठरवून जोडलेले आरएनए वापरले. त्यातला एक यू-जी-यू-जी असा आलटून पालटून होता. तो तीन-तीनने वाचला तर यूजीयू, जीयूजी, यूजीयू, जीयूजी. त्यातून सिस्टीन आणि व्हॅलिन आळीपाळीने जोडलेली साखळी निघाली. तुमच्या लेकीच्या एका जनुकातून निघणारा जीयूजी तो हाच, आणि त्याचा अर्थ व्हॅलिन. खोराना, निरेनबर्ग आणि हॉली यांना १९६८चं नोबेल मिळालं. रायबोसोमची रचना अणूच्या पातळीवर उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली, स्टाइट्झ आणि योनाथ यांच्यासह.

बीटा साखळीची सुरुवात अशी : व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. सहावं आम्ल ते आपलं. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल. जीयूजी आला की त्या जागी व्हॅलिन बसतं. पुढची १४० आम्लं जशीच्या तशी. एकूण १४६. माणसाच्या पेशीत एक रायबोसोम सेकंदाला पाचेक आम्लं जोडतो, तेव्हा एक साखळी अर्ध्या मिनिटात तयार. शिवाय एकाच एमआरएनएवर चारपाच रायबोसोम एकामागोमाग चालत असतात. जाता जाता : काही डीएनए रिपोर्टवर बदल सहाव्या जागी लिहितात, काहींवर सातव्या. दोन्ही एकच. एयूजीमुळे आधी एक मेथिओनिन लागतं आणि नंतर कापलं जातं. नव्या पद्धतीत ते धरून मोजतात, जुन्यात नाही. रिपोर्ट वेगळे आले म्हणून घाबरून माझ्याकडे आलेली कुटुंबं आहेत, म्हणून सांगून ठेवलं.

प्रोटीन पावडरचा प्रश्न इथे सुटतो. खाल्लेलं कोणतंही प्रथिन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत सुटं होतं. तुरीच्या डाळीत व्हॅलिनही आहे आणि ग्लुटामिक आम्लही. पेशीत दोन्हींचा साठा भरपूर असतो. कोणतं उचलायचं ते कोडॉन ठरवतो, साठा नाही. मुलीला चांगलं खायला द्या, ती वाढीच्या वयात आहे. पण त्याने पॅटर्न बदलणार नाही. लोहाचंही तसंच : हिमोग्लोबिन कमी दिसलं तर आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा, कमी असेल तर लोह द्या, जसं कोणत्याही मुलीला द्याल तसं.

आता एक आम्ल बदलल्याने काय होतं? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलिन तेलकट वृत्तीचं, पाणी टाळणारं. आणि ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या पृष्ठभागावर एक छोटा, तसाच तेलकट खळगा उघडा पडतो. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. त्याला तिसरा चिकटतो, चौथा चिकटतो, आणि पेशीच्या आत लांब ताठ तंतू होतात. पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू पुन्हा मिळाला की तंतू विरघळतात, पण वारंवार असं झालेली पेशी कायमची वाकते. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ग्रस्त रुग्णाची १० ते २० दिवस.

हे तंतू बनायला किती वेळ लागतो ते पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर फार तीव्रपणे अवलंबून असतं. दाटपणा थोडासा वाढला तरी वेळ अनेक पटींनी घटतो. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाट होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा एसएस रुग्णांना, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्यांना, आम्ही पाणी पिण्याबद्दल इतकं का बजावतो, त्याचं कारण हे. तुमची मुलगी वाहक आहे. तिच्या पेशींत साधं हिमोग्लोबिन जास्त आहे आणि ते या तंतूंमध्ये नीट बसत नाही. ती खेळेल, धावेल, शिकेल, तिला सहसा क्रायसिस, म्हणजे अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना, येत नाहीत. फक्त भर उन्हात पाण्याशिवाय जीव तोडून पळण्याची स्पर्धा वगैरे टाळा, आणि तिच्या क्रीडाशिक्षकांना सांगून ठेवा.

एक अक्षर आईचं, एक बापाचं, मग रिपोर्टवर ए आणि एस निम्मं-निम्मं का नाही, असंही तुमच्या मनात येईल. दोन्ही जनुकं सारखीच वाचली जातात. पण अल्फा साखळीला साधी बीटा साखळी जास्त सहज जोडली जाते, विजेच्या भारामुळे. म्हणून ए जास्त. अल्फा थॅलेसेमियाही सोबत असेल, आणि मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत तो बराच आहे, तर एस आणखी खाली जातं.

तांबडी पेशी रक्तात यायच्या आधी आपलं केंद्रक बाहेर टाकते. त्यानंतर डीएनए नाही, पण आधी काढलेले एमआरएनए आणि रायबोसोम उरलेले असतात, आणि दिवसदोन दिवस ती हिमोग्लोबिन बनवत राहते. रेटिक काउंट या रक्ततपासणीत आम्ही रंग देऊन याच उरलेल्या आरएनएच्या जाळीवरून नव्या पेशी मोजतो. आणि डीएनए तपासणीसाठी रक्त घेतो तेव्हा डीएनए पांढऱ्या पेशींतून काढतो. ज्याला नुकतंच रक्त चढवलं आहे त्याची एचपीएलसी मात्र फसवी असते, कारण तीत दात्याचं हिमोग्लोबिनही मोजलं जातं. तीन महिने थांबावं किंवा थेट डीएनए बघावा. चढवलेल्या रक्ताने रुग्णाचा डीएनए बदलत नाही.

सहाव्या जागी व्हॅलिन आलेलं आहे हे १९५०च्या दशकात इंग्रम या शास्त्रज्ञाने शोधलं. हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा आहे हे त्याआधी पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं होतं. आणि १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. विदर्भात या आजाराचा अभ्यास तेव्हापासूनचा आहे.

आता उपचाराबद्दल. वाहकाला उपचार लागत नाही. ग्रस्त मुलांसाठी जे चाललं आहे ते मात्र याच वाचनाशी जोडलेलं आहे. पोटातल्या बाळात बीटाऐवजी गॅमा साखळी बनते, तिचं जनुक त्याच अकराव्या गुणसूत्रावर शेजारी. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होतं आणि बीटा चालू. त्यामुळे एसएस बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास दिसत नाही. गॅमा बंद ठेवण्यात बीसीएल-११ए या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने गॅमा काही प्रमाणात पुन्हा बनू लागतं. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुक संपादनाच्या उपचारात रुग्णाच्या मगजातल्या पेशी बाहेर काढून त्यांत बीसीएल-११एचं वाचन मंदावतात. ते मूळ अक्षर तिथे तसंच राहतं. शेजारचं बंद जनुक उघडलं जातं. खर्च आज आपल्या कुटुंबांच्या आवाक्यापलीकडे आहे.

तुम्ही करायचं ते एवढं : तुम्ही दोघे आणि धाकटा मुलगा, तिघांचीही एचपीएलसी करून घ्या. सोल्युबिलिटीवर थांबू नका, ती थॅलेसेमिया दाखवत नाही. मुलीचा रिपोर्ट जपून ठेवा. तिच्या लग्नाच्या वेळी नवऱ्या मुलाचीही तपासणी मागायला संकोच नको. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०. अशा जोडप्याला दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन तपासणी करता येते. तेव्हा गर्भात बीटा साखळी जेमतेमच बनत असते, म्हणून तिथे हिमोग्लोबिन बघत नाहीत. थेट ते अक्षर वाचतात.